पाळक बदलले, चहाचं काय करायचं?

प्रश्न: पत्र लिहिणाऱ्या बाई पुण्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, जुन्या सभासद आहेत, वय 54. गेली 11 वर्षं रविवारच्या उपासनेनंतरचा चहा आणि वर्षातली दोन मोठी प्रीतिभोजनं त्या आणि आणखी पाच जणी सांभाळत आल्या. रविवारी साधारण 140 माणसं असतात. आठ वर्षं असलेले पाळक (चर्चचे धर्मगुरू) मे महिन्यात बदलून गेले, दोनेक महिने शेजारच्या मंडळीचे पाळक प्रभारी होते, ऑगस्टात नवे पाळक आले. तिसऱ्याच रविवारी सूचनांच्या वेळी त्यांनी जाहीर केलं की चहा आता विभागवार, म्हणजे सभासदांच्या वस्त्यांप्रमाणे, पाळीपाळीने होईल. टेबलावरचा पैशांचा डबा बंद, पैसे पावती करून खजिनदारांकडे द्यायचे. स्वयंपाकघराची किल्ली सेक्स्टनकडे (चर्चची देखभाल करणाऱ्या सेवकाकडे) राहील. "आम्हाला एका शब्दाने आधी विचारलं नाही," असं त्या लिहितात. सहापैकी चौघींनी यापुढे येणार नाही म्हणून सांगितलं आहे. आधीचे पाळक अधूनमधून फोन करून 'कसं चाललंय' विचारतात, तेव्हा काय बोलावं ते कळत नाही. नोव्हेंबरात आभारप्रदर्शनाचा सण आहे, 200 माणसांचं जेवण आहे. त्या विचारतात: "सेवा सोडून द्यावी, की अपमान गिळून करत राहावं? मी सोडलं तर हे सगळं बंद पडेल याची मला खात्री आहे."

ताई,

तुमचं पत्र चार पानांचं आहे. त्यात दुधाचा हिशेब आहे, कोणत्या दुकानातली चहा पावडर कडू निघाली ते आहे, कोण कोणाला काय बोललं ते तर वारासकट आहे. पण नवे पाळक सामान घेऊन पार्सनेजमध्ये (चर्चने पाळकांना दिलेल्या घरात) उतरले त्या रात्री त्यांच्या घरी जेवणाचा डबा कोणी नेला, हे त्यात कुठेच नाही. घरात माणसं किती, मुलं कितवीत, पाळकबाई नोकरी करतात का, यातलं काही नाही. कुणीतरी डबा नेलाही असेल, तुम्हाला लिहिण्याजोगं वाटलं नसेल. पण तो राहून गेला असेल, तर 11 वर्षं 140 माणसांना चहा देणाऱ्या मंडळीत ऑगस्टात आलेला सगळ्यात नवा पाहुणा उपाशी राहिला, असं झालं.

हा टोमणा नाही. पाळक बदलतात तेव्हा मंडळीला वाटतं की आता साहेब आपल्याला सांभाळून घेतील. तिकडे साहेब पुण्यात नवे, मुलांच्या शाळेचे प्रवेश अर्धे, गॅसचं कनेक्शन अजून बदललेलं नाही, आणि कमिटीच्या पहिल्या दोन बैठकांत जुनी भांडणं समोर आलेली. अशा वेळी नवा माणूस बहुतेकदा जे हाताला लागेल ते आधी नीट करायला घेतो. किल्ली आणि पैशांचा डबा हाताला लागतात. मंडळीतली मनं लागत नाहीत.

आता त्यांनी सांगितलेल्या तीन गोष्टी एकमेकींपासून सोडवून पाहू, कारण तुम्ही त्या एकाच गाठीत बांधल्या आहेत आणि गाठीला नाव दिलं आहे 'अपमान'. जी गोष्ट खरोखर चुकली ती म्हणजे सांगण्याची रीत. 11 वर्षं काम केलेल्या बाईला तिच्या कामातला बदल वेदीजवळून, सगळ्यांबरोबर कळावा, हे बरोबर नाही. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 मध्ये नेमका वाढपाचाच वाद आहे: ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटणीत दुर्लक्ष होतं अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी सात नावं जाहीर करून टाकली नाहीत, शिष्यांना एकत्र बोलावलं आणि तुम्हीच निवडा म्हणाले. नव्या पाळकांनी हा अध्याय नक्की वाचलेला आहे, आठवण करून द्यायला हरकत नाही. मात्र सांगण्याची रीत चुकली म्हणून सांगितलेलं सगळं चुकलं, असं होत नाही.

आधी पैशांचा डबा. तुम्ही लिहिता, "आमच्यावर अविश्वास दाखवला." जरा आकडे मांडू. 140 कप, दर कपाला 90 मिली धरले तर साडेबारा लिटर चहा. त्याला 7 लिटर दूध, तेवढंच पाणी (उकळताना दीड लिटरच्या आसपास आटतं), 280 ग्रॅम पावडर, 1 किलो साखर, 100 ग्रॅम आलं, आणि गॅस. सध्याच्या भावाने एका रविवारचे 700 रुपयांच्या घरात जातात. वर्षाचे झाले 36,000. ही रक्कम एका स्टीलच्या डब्यातून येते, डब्यातूनच दूधवाल्याला जाते आणि कुठल्याच वहीत दिसत नाही. चर्चच्या नावाने जमलेला पैसा विश्वस्त संस्थेचा असतो आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली त्याचा हिशेब ठेवावा लागतो. तुम्ही एक रुपया इकडचा तिकडे केला नसेल, उलट कमी पडले तर पदरचे घातले असतील. पण उद्या कुणी विचारलं, "ताई, उरलेले कुठे जातात?", तर दाखवायला तुमच्याकडे काय आहे? पावती तुमच्यासाठी आहे. एक दोनशे पानी वही घ्या: डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, दर रविवारी दोन सह्या, महिन्याच्या शेवटी खजिनदारांची तिसरी. दूधवाल्याकडून साध्या कागदावर का होईना बिल घ्या. आणि तुम्ही पदरचे घातलेलेही त्यात लिहा. 'असू दे' म्हणून सोडू नका, कारण असं सोडलेलंच पुढे बोलून दाखवलं जातं.

किल्लीचं तर आणखी सोपं आहे. दोन किल्ल्या करा. एक सेक्स्टनकडे, एक त्या रविवारच्या जबाबदार बाईकडे किंवा बुवाकडे, आणि दाराच्या आत खिळ्याला अडकवलेली नेल्या-आणल्याची नोंद. किल्ली एकाच पर्समध्ये असली की ती बाई आजारी पडेल त्या रविवारी 140 माणसं चहावाचून घरी जातात. तुमच्याकडे असं किती वेळा झालं ते तुम्हालाच ठाऊक. स्वयंपाकघराची जबाबदारी वाटताना गॅसचंही पाहून घ्या. बऱ्याच चर्चमध्ये कुणाच्या तरी घरचा 14.2 किलोचा सिलिंडर आणून काम भागवतात. तो फक्त घरगुती वापरासाठी असतो. मंडळीच्या नावाने 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्या, आणि रबरी नळीवरची तारीख वाचा. पाच वर्षं झाली असतील तर ती बदलायची वेळ झाली.

तिसरी गोष्ट पाळीची, आणि इथे तुमची भीती मला खरी वाटते. विभागवार पाळी बहुतेक ठिकाणी चार-पाच महिन्यांत कोलमडते आणि तिची कारणं ठरलेली आहेत. पहिल्या रविवारी एक विभाग चहा-बिस्किटं देतो. दुसरा म्हणतो, आम्ही काय कमी? समोसे आणतो. तिसरा बटाटेवडे आणि वर जिलेबी. चौथ्या विभागात भाड्याच्या खोल्यांत राहणारी, रोजंदारीवरची आठ घरं आहेत. त्यांच्या पाळीला अचानक सगळे 'गावाला' जातात. हे आळशीपणाने होत नाही, लाजेने होतं. म्हणून पाळी करायची तर कामाच्या हातांची करा, खिशाची करू नका. खर्च सगळा मंडळीच्या खात्यातून, पदार्थ कमिटीने ठरवलेला आणि बारा महिने एकच: चहा आणि साधं बिस्कीट. कुणाला वाढदिवसाचं काही द्यायचं असेल तर त्यांनी तेवढ्या पैशांचं अर्पण करावं, टेबलावर पेढ्यांचा डबा मांडू नये. हा एक नियम तुम्ही पाळकांच्या गळी उतरवलात तर पाळी टिकेल, आणि तो गळी उतरवणारं माणूस दुसरं कुणी नाही, कारण हे फक्त चहा केलेल्यांनाच माहीत असतं.

पाळी कोलमडण्याचं दुसरं कारण पातेल्यात आहे. घरी सहा कप चहा करणाऱ्याला वाटतं 140 कप म्हणजे तेच, फक्त मोठं. तसं नसतं. उकळत्या पाण्यात 7 लिटर गार दूध ओतलं की पातेलं पुन्हा उकळायला वीस-पंचवीस मिनिटं घेतं. पावडर आधीच घातलेली असेल तर तेवढा वेळ ती शिजत राहते आणि चहा तुरट होतो. मग नवखा माणूस तुरटपणा झाकायला साखर टाकतो, आणि मधुमेही आजोबा तसेच परत जातात. म्हणून दूध दुसऱ्या शेगडीवर आधी तापवून ठेवायचं. पाणी, आलं, साखर उकळली की पावडर, चार-पाच मिनिटांत गरम दूध, एक उकळी, गाळून थेट किटल्यांत. बिनसाखरेचे पंधरा कप साखर घालण्याआधी बाजूला काढायचे. हे तुमच्या हातांना पाठ आहे. विभागाच्या हातांना नाही, आणि कागदावर तर नाहीच नाही.

तेव्हा तुमच्या 'मी सोडलं तर बंद पडेल' या वाक्याकडे येते. ते खरं आहे, आणि त्याचा तुम्हाला थोडा अभिमानही आहे. असू दे, 11 वर्षांनी एवढा हक्क आहे. पण एका बाईला ताप आला की जी सेवा बंद पडते ती अकरा वर्षं तिच्या जिवावर चालत होती, एवढाच त्याचा अर्थ. आणि हे फक्त तुमच्यामुळे झालं असंही नाही. आधीचे पाळक, कमिटी, सगळ्यांना ते सोयीचं होतं. कुणी कधी म्हणालं का, "ताई, आज तुम्ही बसा"?

बसण्यावरून एक विचारते. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) असतं, उपासना वीस-पंचवीस मिनिटं लांबते, गॅस कधी पेटवायचा याचा अंदाज चुकतो. त्या दिवशी तुम्ही प्रभुभोजन कसं घेता? बहुतेक मंडळ्यांत चहावाल्या बायका शेवटच्या रांगेत येतात, ओले हात पदराला पुसत, घेतात आणि आमेन व्हायच्या आत मागच्या दाराने परत. उपदेश गेली 11 वर्षं तुम्ही भिंतीपलीकडून, कुकरच्या शिट्टीतून ऐकला असेल. मार्था आणि मरीयेची गोष्ट (एक वाढपाच्या धावपळीत, दुसरी प्रभूच्या पायाशी ऐकत बसलेली) सांगून बायकांना दटावायची आपल्याकडे फार हौस आहे. ते दटावणारे नंतर चहा मात्र वेळेवर मागतात. लूक 10 मध्ये प्रभू मार्थेला जे म्हणतात ते पुष्कळ गोष्टींची दगदग करण्याबद्दल आहे. योहान 12 मध्ये तीच मार्था पुन्हा वाढते आहे आणि तिथे तिला कुणीही काही म्हणत नाही. वाढणं चुकीचं नव्हतं. दर वेळी तिनेच वाढणं, हे कदाचित असेल. पाळीमुळे तुम्हाला महिन्यातून तीन रविवार बाकावर बसून उपदेश ऐकायला मिळणार असतील, तर त्याकडे एकदा त्या बाजूनेही बघा.

आता चौघी. त्यांच्या रागाला तुम्ही पुढारीपण देऊ नका, एवढं नक्की सांगेन. बायबलमधल्या करिंथच्या मंडळीत 'मी पौलाचा', 'मी अपुल्लोसाचा' असे उपदेशकांच्या नावाने गट पडले होते. तुमच्याकडे तेच जुन्या साहेबांचा, नव्या साहेबांचा या नावाने सुरू व्हायला चार माणसं पुरतात. पण त्यांना 'सेवेत रुसायचं नसतं' असं ऐकवूही नका. प्रत्येकीकडे वेगळ्या दिवशी जा, एकत्र बोलावू नका. एकत्र बसल्या की प्रत्येकीला दुसरीपेक्षा जास्त दुखावलेलं दिसावं लागतं. माझा अंदाज असा की चौघींपैकी दोघी खरोखर थकल्या आहेत. साठी उलटलेली, गुडघे गेलेले, वीस लिटरचं पातेलं उचलवत नाही. 'मला आता जमत नाही' म्हणायला संकोच वाटतो, 'आमचा अपमान झाला' म्हणून थांबणं मानाचं वाटतं. अशांना मानाने थांबू द्या. एका रविवारी पाळकांनी नाव घेऊन त्यांचे आभार मानावेत, प्रार्थना करावी. उरलेल्या दोघींपैकी एखादी परत येईल, तिला बोलावणं तुमच्याकडून गेलं तर. आणि कृपा करून, रात्री अकरा वाजता मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'मी आजपासून सेवेतून मुक्त होत आहे, सर्वांचे आभार' असं लिहू नका. त्याखाली हात जोडलेल्या चाळीस खुणा येतात आणि परतीची वाट बंद होते.

जुन्या साहेबांच्या फोनचं काय? प्रेम ठेवा, बातम्या देऊ नका. मुलीचं लग्न ठरलं, सासऱ्यांना दवाखान्यात ठेवलंय, हे जरूर सांगा. 'नवे साहेब असं असं म्हणाले' हे सांगू नका. त्यांनी काही उत्तर दिलं तर ते त्यांच्या तोंडून दुसऱ्या मंडळीवर बोलल्यासारखं होतं, आणि नाही दिलं तर तुम्हाला वाईट वाटतं. कुणाला लग्नासाठी किंवा बाप्तिस्म्यासाठी त्यांनाच बोलवायचं असेल तर बोलावणं आताच्या पाळकांमार्फत जावं. सरळ सांगून टाका: "साहेब, इकडचं इकडे बरं चाललंय, तुमची तब्येत कशी आहे?" शहाण्या पाळकाला तेवढं पुरतं.

नव्या पाळकांशी बोलायचं तर रविवारी दारात हस्तांदोलनाच्या रांगेत नको, तिथे त्यांच्यामागे पंधरा माणसं उभी असतात. सोमवारीही नको, रविवारनंतरचा तोच एक दिवस पाळकांच्या घराला मिळतो. सेक्रेटरींना सांगून मधल्या वारी अर्धा तास मागून घ्या, आणि सेक्रेटरींनाही बसवा. आपलं दुखणं एकदाच आणि एका वाक्यात सांगा: "साहेब, बदल आम्हाला सगळ्यांसमोर कळला याचं वाईट वाटलं, आधी बोलावलं असतंत तर बरं झालं असतं." मग थांबा. ते काही म्हणतील ते म्हणू द्या. त्यानंतर कागद काढा. ठरवून घ्यायचं ते असं: ज्या रविवारी विभागाचं कुणीच येणार नाही त्या रविवारी कोण बघणार? दर रविवारी एक तरी जाणतं माणूस पातेल्याजवळ असणार का? ही पद्धत किती महिन्यांसाठी आहे आणि मग कोण ठरवणार? आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या) पहिल्या रविवारपासून तीन महिने करून पाहू, मग कमिटीत बोलू, असं काही ठरलं तर ते पास्टोरेट कमिटीच्या, म्हणजे मंडळीच्या कमिटीच्या, इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी ठरलेलं पुढच्या बदलीबरोबर निघून जातं.

आणि पाळकबाईंना गृहीत धरू नका. आधीच्या बाई स्वतः पदर खोचून स्वयंपाकघरात उभ्या राहत, असं तुम्ही कौतुकाने लिहिलं आहे. या बाई रविवारीही ड्युटी असलेल्या नर्स असतील किंवा त्यांना स्वयंपाकाची आवडच नसेल. नेमणूक नवऱ्याची झाली आहे.

नोव्हेंबरच्या जेवणात मात्र पाळीचा प्रयोग करू नका, असं पाळकांना स्पष्ट सांगा. ते जेवण तुम्ही चालवा, पण प्रत्येक कामाला तुमच्या शेजारी एक नवं माणूस उभं करून. सणाला आलेल्या अर्पणांचा लिलाव सुरू असताना अर्धी माणसं अंगणात असतात, पंगत उशिरा बसते, हे प्रत्येक वर्षी होतं आणि प्रत्येक वर्षी भात अकराला तयार होतो. 200 माणसांना 20 किलो तांदूळ, 40 किलो चिकन, आणि शाकाहारी निदान 25 तरी धरा, कारण शेजारपाजारचेही येतात. तांदळाचे दोन भाग करा: दहा किलो साडेबाराला, दहा किलो पंगत बसल्यावर. शिजलेला भात झाकून गरम राहतो तोवर ठीक. कोमट होऊन तीन-चार तास पडला की त्यात होणारं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. उरलेला भात संध्याकाळी पिशव्यांतून वाटण्याची पद्धत असेल तर ती मोडा, किंवा जेवण संपताच अर्ध्या तासात वाटून मोकळे व्हा. थर्माकोलच्या ताटल्या राज्यात 2018 पासून बंद आहेत. स्टीलची ताटं भाड्याने आणा आणि धुण्याला तरुण संघाची पोरं लावा. मुलगे, मुली नव्हे. मुली आपसूक येतातच.

एका गोष्टीकडे तुमच्या पत्रात कुणाचंच लक्ष नाही, आणि पाळक बदलतात तेव्हा तीच सगळ्यात आधी निसटते. पाळक जातात तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांच्या डोक्यातली यादी जाते: कोणत्या आजी अंथरुणाला खिळल्या आहेत, कुणाचा मुलगा बोलत नाही, कुणाच्या घरी महिन्यातून एकदा प्रभुभोजन न्यायचं असतं. प्रभारी पाळकांना दोन मंडळ्या सांभाळताना हे जमत नाही. मे ते सप्टेंबर अशी पाच-सहा घरं नक्की राहून गेली असतील. ही घरं तुम्हाला माहीत आहेत, कारण उरलेली बिस्किटं घेऊन तुम्हीच जात होता. पत्रात एका ओळीत तसं लिहून गेला आहात. ती यादी करा. नाव, पत्ता, कोणत्या वेळी दार उघडतात, खालची बेल चालते का, ऐकू येतं का. आजारांची नावं लिहू नका, आणि यादी ग्रुपवर टाकू नका. एक प्रत पाळकांकडे, एक सेक्रेटरींकडे. पहिल्या भेटीला पाळकांबरोबर जा. नव्या चेहऱ्याला दार न उघडणारी आजी तुमचा आवाज ऐकून उघडेल. पुढच्या वेळी ते एकटे जातील.

म्हणजे तुमच्या 'सोडू की गिळू' या दोन वाटांखेरीज हीही एक वाट आहे. नाताळ पार पडेपर्यंत चहा शिकवून हातावेगळा करायचा आणि जानेवारीपासून घरभेटींचं काम मागून घ्यायचं. माझा कौल याला. पण चहाशिवाय तुम्हाला करमणारच नाही असं असेल तर महिन्यातून एक रविवार पातेल्याजवळ राहा, आणि त्या दिवशीही दुसऱ्याला पावडर घालू द्या.

उरलेल्या रविवारी तुमची जागा स्वयंपाकघराबाहेर आहे, कपांच्या टेबलाच्या अलीकडे. मंडळीत बदल चालू असताना जुनी माणसं चहा घेऊन घोळक्यात उभी राहतात आणि साहेबांबद्दल बोलतात. जालन्याहून किंवा अहिल्यानगरहून कामासाठी वाकडला, चाकणला आलेलं नवं कुटुंब हातात कप घेऊन भिंतीला टेकून ते सगळं ऐकतं, आणि पुढच्या रविवारी दुसरीकडे जातं. अशांपाशी जायला दोन माणसं ठरवलेली हवीत. पहिला प्रश्न आडनावाचा नको. आपल्याकडे आडनाव विचारून नेमकं काय विचारलं जातं ते त्यांनाही कळतं. 'कुठून आलात, परत जायला बस कोणती' एवढं विचारा, आणि त्याच भागात राहणाऱ्या एका घराशी गाठ घालून द्या. या शहरात चर्चमधल्या चहाचा इतिहास तसाही साधा नाही: 1890 साली पंच हौद मिशनमध्ये रानडे, टिळक वगैरे मंडळींपुढे चहा आला आणि त्यावरून ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचा वाद) उभं राहून गोष्ट प्रायश्चित्तापर्यंत गेली. कप कोणी दिला आणि कोणी घेतला, याचं पुण्यात लोक लक्षात ठेवतात.

हवाली करताना भांडी मोजून द्या. पातेली, झारे, गाळणी, किटल्या, स्टीलचे कप किती आणि त्यातले चेपलेले किती. आणि ज्या भांड्यांवर 'यांच्या स्मरणार्थ' असं नाव कोरलेलं आहे त्यांची वेगळी नोंद करा, कुणाच्या घरून आलं तेही लिहा. ही नोंद नसते म्हणून कुणीतरी उत्साही माणूस एक दिवस 'जुनी जड भांडी' मोडीत काढून हलकी ॲल्युमिनियमची आणतो, आणि ज्या आईच्या नावाचं पातेलं गेलं तिची मुलगी पुन्हा चर्चला येत नाही. कारणही कुणाला कळत नाही.

शिकवणीचा कागद एका पानाचाच ठेवा, प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून शेगडीमागच्या भिंतीला लावा. प्रमाणं, वेळा, प्रभुभोजनाच्या रविवारी गॅस कधी पेटवायचा (लोक वेदीकडे निघाले की), बिनसाखरेचे कप, रेग्युलेटर बंद, मागच्या दाराची कडी. पहिल्या महिन्यात एखाद्या रविवारी चहा नक्की उशिरा येईल किंवा पाकासारखा गोड होईल. त्या रविवारी बाकावरून उठू नका.

आणि दूधवाल्याला आकडा शनिवारी संध्याकाळी सातच्या आत सांगावा लागतो, हे त्या कागदावर लिहायचं तुमच्याकडून बहुधा राहील, कारण ते तुम्ही कधी कुणाला सांगितलेलंच नाही.